दप्तराचा चार्ज देतो, मग ड्राइव्हचा का नाही?



सध्या स्टाफरूममध्ये एक विषय वारंवार निघतो, "गूगल सोडून आता झोहोवर जायचं का?" विषय निघायला कारणही आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहोचा ऑफिस सूट वापरायला सांगितलं. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल चेन्नईच्या या कंपनीच्या यंत्रणेवर गेल्याच्या बातम्या आल्या. मंत्रालयाची सूचना अधिकाऱ्यांसाठी होती, आपल्या शाळांसाठी नाही. तरी वारं कोणत्या दिशेनं वाहतंय ते सगळ्यांना दिसतंय.

माझं मत स्पष्ट सांगते. गूगल, मायक्रोसॉफ्ट की झोहो, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, शाळेची माहिती आज नेमकी कोणाच्या खात्यात आहे? याचं उत्तर नसेल तर कुठेही गेलो तरी निम्मं सामान मागेच राहणार.

आपली खरी परिस्थिती

निकालपत्रकाची शीट वर्गशिक्षकाच्या वैयक्तिक जीमेलवर असते. पोषण आहाराचा हिशोब दुसऱ्या सरांच्या ड्राइव्हमध्ये असतो. शाळेच्या नावाचं एक खातं असतं, पण त्याचा रिकव्हरी नंबर तीन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या मॅडमचा असतो. ओटीपी हवा असेल तर त्यांना फोन लावायचा! त्यांनी नंबरच बदलला असेल तर विषय संपला.

आता आठवा, मुख्याध्यापकांची बदली झाली की आपण काय करतो? चार्ज यादी करतो. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रकं, कॅशबुक, जडवस्तू संग्रह नोंदवही, अगदी कपाटाच्या किल्ल्यासुद्धा मोजून देतो. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. तुटक्या खुर्चीचीही नोंद होते. पण पाच वर्षांच्या निकालाच्या शीट, मुलांचे फोटो, पालकांच्या फोन नंबरची यादी, यांचा चार्ज कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही.

याचा तोटा पुढे कळतो. गूगलच्या नियमानुसार वैयक्तिक खातं सलग २ वर्षं वापरलं नाही तर ते आतल्या सामग्रीसकट काढून टाकलं जाऊ शकतं. ही कारवाई डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली आहे. निवृत्त झालेल्या सरांनी शाळेच्या कामापुरतं उघडलेलं खातं याच वाटेनं जाऊ शकतं.

सरकारी ईमेलकडून शिकण्यासारखं

केंद्र सरकारचे ईमेल झोहोच्या यंत्रणेवर गेले, पण पत्ते बदलले नाहीत. शेवटी पूर्वीसारखंच 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' राहिलं, कारण पत्ता सरकारच्या मालकीचा होता, कंपनीचा नव्हता. घर स्वतःचं असलं की भाडेकरू बदलता येतो. आपण मात्र स्वतःच भाडेकरू आहोत, आणि भाडेकरारही दुसऱ्याच्याच नावावर!

फुकट मिळणाऱ्या सोयीचे नियम कंपनी कधीही बदलू शकते, हेही लक्षात ठेवूया. गूगलने शैक्षणिक संस्थांना दिलेली अमर्याद साठवण २०२१ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं आणि पूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी अशी मर्यादा घातली. मायक्रोसॉफ्टनेही पुढे तशीच मर्यादा आणली. म्हणून हलता येईल अशी तयारी नेहमीच हवी, कंपनी कोणतीही असो.

हलवताना काय मागे राहतं?

बरेच जण समजतात की डाउनलोड केलं, अपलोड केलं, झालं काम. तसं होत नाही.

१. गूगल फॉर्म आहे तसा दुसरीकडे जात नाही. उत्तरांची शीट जाते, फॉर्म नव्यानं बनवावा लागतो.

२. पालकांच्या ग्रुपवर पाठवलेल्या जुन्या लिंक नव्या जागी चालत नाहीत. पुस्तकात चिकटवलेले क्यूआर कोडही त्याच जुन्या लिंककडे नेतात.

३. फक्त आपल्याशी शेअर केलेली फाईल आपली नसते. ती मूळ मालकाच्याच खात्यात राहते.

४. शीटमधली काही सूत्रं दुसरीकडे चालत नाहीत. श्रेणी काढून देणारी शीट आधी तपासून घ्यावी.

५. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका नव्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उघडतात. त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात.

"स्वदेशी आहे ना, मग सुरक्षित!"

हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकते. देशी कंपनीला प्राधान्य द्यावं, हा विचार मला पटतो. पण मुलांचे आधार क्रमांक असलेली यादी 'लिंक असणाऱ्या कोणालाही दिसेल' अशी ठेवली, तर ती झोहोवर असो की गूगलवर, धोका तोच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे. म्हणजे आपल्या शाळेतलं प्रत्येक मूल त्यात आलं.

काही जण म्हणतील, "आमची द्विशिक्षकी शाळा, आम्हाला हे कशाला?" उलट तिथेच जास्त गरज आहे. दोघांपैकी एकाची बदली झाली की शाळेची निम्मी आठवण जाते.

मग करायचं काय?

शाळेचं एकच अधिकृत खातं ठरवावं. त्याचा रिकव्हरी नंबर शाळेच्या सिमचा असावा, आणि पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात असावा. महत्त्वाच्या फाईलींची मालकी त्या खात्याकडे वळवावी. परीक्षेच्या किंवा प्रवेशाच्या दिवसांत स्थलांतर करू नये. आधी एका वर्गाच्या फाईली नेऊन बघाव्यात आणि जुनं खातं किमान एक शैक्षणिक वर्ष चालू ठेवावं. शिक्षकांना नवा सूट शिकायला वेळ द्यावा. नुसती लिंक पाठवून 'आजच भरा' म्हणणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तुम्हीही विचारा, "आमच्या मुलांची माहिती कोणाच्या खात्यात आहे? ते शिक्षक बदलून गेले तर तिचं काय होईल?" हा प्रश्न शाळेवर अविश्वास दाखवणारा नाही, शाळेला मदत करणारा आहे.

आणि शिक्षक मित्रांनो, पुढच्या शिक्षण परिषदेत हा विषय मांडूया. चार्ज यादीत एकच ओळ वाढवायची आहे, 'शाळेचे ऑनलाइन खाते व त्यातील अभिलेख'. पुढे देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. एवढं झालं की मग कंपनी खुशाल बदला.