मर्यादेतलं कर्ज, दिवसाचे १७७ कोटी



१० मार्च २०२५ रोजी राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेल्यापासून ‘कर्ज मर्यादेतच आहे’ हे पालुपद ऐकून कान किटले. मार्च २०२६ अखेर राज्याच्या डोक्यावर ९ लाख ३२ हजार कोटींचं कर्ज होईल, असा त्यातला अंदाज होता; पण ते स्थूल उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत आणि मुभा २५ टक्क्यांपर्यंत आहे, म्हणून कुणी ओरडायचं नाही! ज्या उत्पन्नाने हा भागाकार करतात, त्यातला मोठा वाटा मुंबई-ठाणे-पुण्याचा. व्याज मात्र सगळ्यांच्या तिजोरीतून जातं, आणि कात्री लागते ती आधी मराठवाड्याच्या कामांना.

व्याजाचाच हिशेब घ्या. २०२५-२६ साठी ६४ हजार कोटींहून जास्त, म्हणजे दिवसाला साधारण १७७ कोटी. आमच्या पैठण तालुक्यातल्या ब्रह्मगव्हाण उपसा सिंचन योजनेला २०२२ साली सुमारे ८९० कोटींची सुधारित मान्यता मिळाली. पाच दिवसांचं व्याज! जायकवाडीचा नाथसागर उशाला असून पाच दिवसांच्या व्याजाइतक्या पैशासाठी आम्ही वर्षानुवर्षं तोंडाकडे बघत बसायचं. संभाजीनगरची पाणी योजना १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेली. वाढलेली रक्कम सहा दिवसांच्या व्याजाएवढी, आणि मार्च २०२५ पर्यंत तरी शहराला रोज पाणी नव्हतंच.

कर्जच काढू नये, असं माझं म्हणणं नाही. मी किराणा दुकानदार. माल भरायला पैसे उचलतो, माल विकून फेडतो. पण दुकानाचं वीजबिल आणि पोऱ्याचा पगारही उचल घेऊन भागवू लागलो, तर शटर कधी खाली येईल ते सांगायला अर्थतज्ज्ञ नको. ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट म्हणजे दुसरं काय? जायकवाडीची पायाभरणी शास्त्रीजींनी १९६५ मध्ये केली, १९७६ मध्ये इंदिराजींनी धरण लोकार्पण केलं. त्यात घातलेला पैसा ऊस, मोसंबी, वाळूजचे कारखाने यांतून आजही परत येतो आहे. आताच्या कर्जातून असं काय उभं राहिलं, ते दाखवा.

सगळं खापर ‘लाडकी बहीण’ योजनेवर फोडणारेही मला पटत नाहीत. बहिणींचे दरमहाचे ते दीड हजार निदान आमच्या बाजारपेठेत फिरतात. (एकवीसशेचं आश्वासन देताना तिजोरी पाहिली नव्हती का, हा प्रश्न वेगळा.) मला जास्त खुपतं ते न दिसणारं देणं. कंत्राटदार संघटनांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारकडच्या थकीत बिलांसाठी कामं बंद केली. त्यांचा आकडा ८९ हजार कोटींचा. तो फुगवलेला आहे असं धरलं, तरी ही उधारी ९ लाख ३२ हजार कोटींत मोजलेली नाही. मग मर्यादा कसली मोजता?

आमच्या पैठणची नाथषष्ठीची यात्राच बघा. लाखो वारकरी येतात आणि दरवर्षी शौचालयं नि पिण्याच्या पाण्यासाठी ऐनवेळी धावपळ होते. इथल्या संत ज्ञानेश्वर उद्यानाची दशा तर बघवत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: निधी नाही. आमच्या आमदारांनी अधिवेशनात उभं राहून विचारावं, वाढणाऱ्या कर्जातले किती कोटी गोदावरी मराठवाडा पाटबंधारे महामंडळाला मिळणार आणि कोणत्या महिन्यात? टक्केवारी नको, रक्कम आणि तारीख हवी.

– एक किराणा व्यापारी, पैठण