मंदिर-चर्चच्या आवारातलं जुनं झाड: तोडायचं की ठेवायचं?

९ एप्रिल २०२३, रविवार. अकोला जिल्ह्यातल्या पारस गावात बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. वादळी पाऊस आला आणि तिथल्या टिनाच्या शेडवर कडुनिंबाचं मोठं झाड कोसळलं. शेडखाली ४० च्या आसपास लोक होते. ७ जणांचा जीव गेला.

अशा घटनेनंतर कोणी म्हणतं, मोठी झाडं काढून टाका. कोणी म्हणतं, झाडाला हात लावू नका. पण अकोला-अमरावतीत उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. मंदिर असो, चर्च असो की दर्गा, लोक थांबतात ते झाडाखालीच. सावलीही हवी आणि जीवही वाचायला हवा.

झाड धोकादायक कधी होतं?

फक्त वय झालं म्हणून नाही. भिंतीच्या किंवा शेडच्या पायासाठी खोदताना मुळं तुटतात. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले की मुळांना पाणी-हवा कमी पडते. एकाच बाजूच्या फांद्या छाटल्या की तोल जातो. खोड अचानक कललं, मुळांजवळची माती भेगाळली, बुंध्यावर भूछत्रं उगवली, तर लगेच तपासणी करून घ्या. वरची पालवी हिरवी असली तरी खोड आतून पोकळ असू शकतं.

कायदा काय सांगतो?

शहरी भागात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. आवार ट्रस्टच्या मालकीचं असलं तरी झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' ठरतं. परवानगी मिळाली तर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवीन झाडं लावावी लागतात.

मग करायचं काय?

पारसची दुर्घटना एप्रिलमध्ये घडली. म्हणजे झाडांची तपासणी मे अखेरीस करून उपयोग नाही, ती मार्चमध्येच व्हायला हवी. संशय असेल तर आधी झाडाखालची शेड आणि बसण्याची जागा हलवा. मग जाणकाराकडून छाटणी करून घ्या. तोडणं हा शेवटचा उपाय.

आणि नवीन रोप आजच लावा, इमारतीपासून अंतर ठेवून. जुनं झाड पडल्यावर लावलेल्या रोपाची सावली मिळायला बरीच वर्षं जातात.