शेवटचे कडवे कापू नका!

दरवर्षी १४ एप्रिलला अमरावतीच्या इर्विन चौकात पाय ठेवायला जागा नसते. बडनेरा, वलगाव, भातकुली, चांदूर, कुठून कुठून लोक येतात. डीजेच्या गाड्या लागतात, गाणे सुरू होते आणि हजारो गळे एकदम उघडतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या क्रिकेट क्लब मैदानाकडे जाणाऱ्या मिरवणुकीतही हेच चित्र. आम्ही त्या गर्दीत वाढलो, नाचलो, बेंबीच्या देठापासून ओरडलो. म्हणूनच पुढचे बोलण्याचा हक्क आम्हाला आहे.

या गाण्यांची दोन कडवी होतात, फार तर तिसरे होते आणि डीजेवाला पुढच्या गाण्यावर उडी मारतो. शेवटचे कडवे कधीच येत नाही. त्यातली अनेक गाणी वामनदादा कर्डकांची असतात आणि वामनदादांचे नाव त्यांच्या बहुतेक गाण्यांत शेवटच्याच कडव्यात असते!

संतांनी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा ठेवली, तशी दादांनी 'वामन' ही मुद्रा ठेवली. ज्या माणसाकडे ना कंपनी होती, ना वकील, ना छापखाना, त्याने आपली सही गाण्यातच गुंफून ठेवली. आम्ही नेमकी तीच कापली. हे कुणा प्रस्थापिताने केलेले नाही, हे आम्ही केले आहे.

वामनदादा कोण होते? १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात देशवंडी गावी जन्मलेला माणूस. शाळेचे तोंड पाहिले नाही. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत राबले, मिळेल ती मजुरी केली. चाळीतल्या एकाने पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि यांना वाचता येईना. ती लाज जिव्हारी लागली. मग देहलवी गुरुजींकडून अक्षरे गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे शिकले. १९४३ च्या सुमारास पहिले गाणे लिहिले आणि १५ मे २००४ ला डोळे मिटेपर्यंत लिहीत-गात राहिले. हजारो गाणी झाली. 'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रह निघाले. विदर्भ, मराठवाडा, खानदेश पायाखाली घातला. पेटी, ढोलकी आणि खडा आवाज, एवढ्या भांडवलावर बाबासाहेबांचा विचार अशा झोपडीत नेला जिथे पुस्तक पोहोचत नव्हते. लिहिणारा, चाल बांधणारा आणि गाणारा एकच माणूस. आजच्या भाषेत त्याला 'सिंगर-साँगरायटर' म्हणतात. हा शब्द गिटारवाल्यांसाठीच राखीव आहे, असे कुणी ठरवले?

आता जरा सातासमुद्रापार जाऊ. आमच्या वऱ्हाडाचे आणि अमेरिकेच्या दक्षिण भागाचे जुने नाते आहे, ते कापसाचे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्रजांच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या कापसाकडे वळली. तिकडे कापूस वेचणारे हात काळ्या गुलामांचे आणि त्यांच्या लेकरांचे होते. त्याच शेतांतून, त्याच घामातून 'ब्लूज' हे गाणे जन्मले. पुढे त्याच ब्लूजवर रॉक आणि पॉपचा कोट्यवधींचा बाजार उभा राहिला. मूळ गाणाऱ्या कित्येकांच्या हाती मात्र रेकॉर्डिंगच्या दिवशीचे चार डॉलर तेवढे पडले. राबणारा एक, नाव दुसऱ्याचे, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. बलुतेदारी दुसरे काय होते?

याच परंपरेतली एक बाई म्हणजे ट्रेसी चॅपमन. १९६४ साली क्लीव्हलँडमध्ये जन्म, घरची गरिबी, एकट्या आईने वाढवलेली. आठव्या वर्षी गिटार हाती आली आणि गाणी लिहिणेही सुरू झाले. शिष्यवृत्तीवर शिकली, टफ्ट्स विद्यापीठात मानववंशशास्त्र घेतले आणि बोस्टनच्या रस्त्यांवर उभी राहून गायली. १९८८ मध्ये पहिला अल्बम आला. त्याच वर्षी ११ जूनला लंडनच्या वेम्बली मैदानावर, तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा कार्यक्रम होता. स्टीव्ही वंडरच्या वाद्यांचे ऐनवेळी अडले आणि आधीच गाऊन गेलेल्या या मुलीला पुन्हा मंचावर पाठवले गेले. हातात फक्त गिटार. गरिबीतून पळू पाहणाऱ्या बाईचे 'फास्ट कार' तिने गायले आणि जग थांबून ऐकत राहिले. १९९५ च्या अल्बममधले तिचे 'गिव्ह मी वन रीझन' तर सरळ ब्लूजच्या साच्यातलेच, त्यालाही ग्रॅमी मिळाले.

पण आम्हाला महत्त्वाचे वाटते ते यानंतरचे. निकी मिनाज या बड्या रॅपरने तिचे गाणे परवानगीशिवाय वापरले, तेव्हा चॅपमन कोर्टात गेली. २०२१ मध्ये साडेचार लाख डॉलरवर ते प्रकरण मिटले. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या गायकाने 'फास्ट कार' पुन्हा गायले, ते तुफान चालले आणि कंट्री संगीताचा वर्षातल्या सर्वोत्तम गीताचा पुरस्कार त्याला मिळाला. हा पुरस्कार गीतकाराचा असतो. म्हणून पस्तीस वर्षांनी तो चॅपमनच्या हाती आला, त्या संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदाच एका कृष्णवर्णीय गीतकाराच्या हाती. का? कारण गाणे कुणीही गायले तरी कागदावर नाव तिचे होते.

आमच्याकडे कागद कुठे आहे? आम्हीच एकदा जयंतीला गीतांची पुस्तिका काढली होती. कवी ठाऊक नव्हता तिथे बिनदिक्कत 'पारंपरिक' छापले. शोधायची तसदी घेतली नाही. त्यातली काही गाणी दादांची निघाली तेव्हा मान खाली गेली.

यावर एक तरुण कार्यकर्ता आम्हाला म्हणाला, "नाव कायले पायजे? गानं तं बाबासाहेबायचंच हाये ना!" त्याची निष्ठा खरी, पण तर्क चुकीचा. दादांनी गाण्यावर मालकी सांगितली नाही, गायला कुणाला अडवले नाही. पण मालकी वेगळी आणि नाव वेगळे. ज्या समाजाची नावेसुद्धा इतरांनी तुच्छतेने ठेवली, त्याने आपल्या कवीचे नाव पुसणे हा त्याग ठरत नाही, ती जुनी सवय आहे. आणि नाव नसलेल्या वस्तूवर उद्या कुणीही आपले लेबल लावतो. तेव्हा ओरडून उपयोग काय?

कायदा आपल्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, म्हणजे वामनदादांच्या गीतांवर २०६४ अखेरपर्यंत. कलम ५७ प्रमाणे, हक्क विकले तरी 'हे माझे आहे' म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीचा असा वाटा दिला जो करारात लिहूनही सोडता येत नाही. आपल्या किती शाहिरांना हे ठाऊक आहे?

आज अमरावतीच्याच मातीतून विपिन तातड आणि '१०० आरबीएच' म्हणजे सौरभ अभ्यंकर यांच्यासारखे रॅपर उभे राहिले आहेत. रॅपवाला आपले नाव गाण्यातच ठणकावून घेतो. ती वामनदादांचीच रीत आहे, फक्त ठेका बदलला.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. मंडळांनी डीजेला सांगावे, एक गाणे कमी वाजव, पण शेवटचे कडवे वाजव. व्हिडिओ टाकणाऱ्यांनी खाली कवीचे नाव लिहावे. गावागावांतल्या म्हाताऱ्या गायकांकडे, जलशातल्या माणसांकडे, आयाबायांकडे जाऊन गाणी कवीच्या नावासह वहीत उतरवावीत, मोबाइलवर नोंदवावीत. ही माणसे रोज एकेक करून जात आहेत. आणि नव्या पोरांनी लिहिलेल्या प्रत्येक गाण्याखाली नाव, तारीख टाकावी. करार वाचल्याशिवाय सही करू नये.

येत्या १४ एप्रिलला इर्विन चौकात आम्ही असू. डीजेवाल्याच्या शेजारी उभे राहू आणि शेवटचे कडवे होईस्तोवर हलणार नाही. तुम्हीही या.

जय भीम!