मोटारीतला टेप काढू नका

वस्तू चालते आहे तोवर ती टाकायची नाही, मग ती मोटार असो वा तंबोरा, ही आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांची रीत मला फार प्रिय आहे. त्यामुळेच रावपुरा-दांडिया बाजाराच्या बोळांतून वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या मोटारी अद्याप निघताना दिसतात, आणि त्यांपैकी कित्येकींत मूळचा कॅसेटचा टेपही जागच्या जागी असतो. मात्र अशी मोटार दुकानात नेऊन ‘मोबाईलमधले गाणे यात वाजेल काय?’ एवढेच विचारले, की उत्तर ठरलेले. ‘काका, आ जूनुं काढी नाखो!’ आणि आपला माणूस, जो घरची पितळी समई मोडीत घालायला तीन पिढ्या धजावला नाही, तो मुकाट्याने मान डोलावतो. तासाभरात पडद्याचा नवा सेट बसतो आणि जुना टेप दुकानाच्या कोपऱ्यातील ढिगावर जाऊन पडतो.

या सल्ल्याबद्दल माझी तक्रार आहे. टेप राहू द्यावा व त्याला एक जादा प्रवेशवाट करून घ्यावी, असे माझे मत आहे. बाजारात तिला ‘ऑक्स’ म्हणतात. साडेतीन मिलिमीटरचे एक छिद्र आणि मागे तीन तारा, एवढाच हा संसार. गाणे कॅसेटवरून आले की मोबाईलवरून, हे टेपातल्या ॲम्प्लिफायरला व दारांतल्या स्पीकरांना कळत नाही आणि कळण्याचे कारणही नाही. आवाज चांगला आहे, तर तो ॲम्प्लिफायर फेकण्यात शहाणपण कोणते?

पण माझा आग्रह केवळ काटकसरीचा नाही. घरोघरीचे मोठे टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेले. आज पुष्कळ घरांत कॅसेट वाजवू शकेल असे एकच यंत्र उरले आहे, आणि ते मोटारीत आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर बुटांच्या खोक्यात ज्या कॅसेटी पडल्या आहेत, त्यांच्या चिठ्ठ्या गळून गेलेल्या असतात. कोणत्या कॅसेटवर गणेशोत्सवातले गाणे आहे, कोणत्या कॅसेटवर आजीच्या ओव्या आहेत आणि कोणत्या कॅसेटवर कोणी मागाहून चित्रपटगीते भरून ठेवली आहेत, हे वाजवल्याखेरीज कळावे कसे? माझे वडील विलीनीकरणापूर्वी कोवळ्या वयात दरबारच्या कलावंत कारखान्यात तबल्याला बसत. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. त्यांच्या शिकवणीच्या कॅसेटी शिष्यांनी भरलेल्या होत्या. मध्येच कुकरची शिटी आहे, मध्येच ‘अरे, हात हलका ठेव’ असे रागावणे आहे. अशा वस्तूची दुसरी प्रत जगात कुठल्याही दुकानात मिळत नाही.

म्हणून माझा क्रम असा: मोटारीतला टेप ठेवून आधी कॅसेटी ओळखाव्यात. मोलाची निघेल ती चांगल्या यंत्रावरून मोबाईलमध्ये उतरवून घ्यावी, आणि पुढे ती ऑक्सच्या तारेने ऐकावी. मूळ कॅसेट वैशाखात मोटारीत ठेवणे म्हणजे तिच्या जिवावर उठणे होय. टेपातला रबरी पट्टाही तपासून घ्यावा. तो सैल पडून फीत शेकडा सहा इतकी मंदावली, तर काळी दोनचा गायक पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो, आणि नातवंडांना वाटते की आजोबांची पट्टीच ती.

आता जोडणीविषयी. कारागीर जाणता असेल तर काम तासा-दीड तासाचे आहे. बॅटरीचा ऋण टोकाचा तार आधी काढायचा. काही सेट त्यानंतर गुप्त क्रमांक मागतात, तो पूर्वीच शोधून ठेवावा. फीत ज्या मस्तकावरून सरकते तेथे निर्माण होणारा विद्युत्प्रवाह अतिशय क्षीण असतो. तो आतील पूर्ववर्धकात मोठा होतो आणि मग आवाजाच्या बटणाकडे जातो. ऑक्सच्या तारा जोडायच्या त्या पूर्ववर्धकाच्या पुढे आणि बटणाच्या अलीकडे. उतावळे कारागीर त्या थेट मस्तकाच्या तारांना चिकटवतात. मोबाईलचा दांडगा आवाज त्या नाजूक वाटेत शिरला की गाणे फाटते, आणि खापर फुटते जुन्या टेपावर! छिद्रही असे घ्यावे की पिन खोचताच टेपचा मार्ग आपोआप तुटेल, नाहीतर दोन गाणी एकात एक मिसळतात. टेप चालू राहावा म्हणून त्यात एखादी कोरी कॅसेट फिरत ठेवावी लागते, हे थोडे चमत्कारिक दिसते खरे. सीडीच्या काळातील काही सेटांच्या पाठीमागे सीडी बदलणाऱ्या पेटीसाठी एक खाच असते. त्या सेटाला जुळणारा जोड मिळाला, तर डाग देण्याचीही गरज नाही.

डाग नकोच असेल त्यांना बाजार दोन पळवाटा दाखवतो. एक, सिगारेट पेटवण्याच्या छिद्रात बसणारा छोटा एफएम प्रक्षेपक. याचे समर्थन मला करवत नाही. तो वरची कंपने पंधरा हजारांपाशी छाटतो, पण चाळिशी उलटलेल्या कानांना त्याची फारशी क्षिती नाही. खरे दुखणे खरखरीचे आहे. तंबोऱ्याची जवारी ही खरखरीच्या अगदी शेजारी राहणारी वस्तू आहे, आणि दोघींतला फरकच तेथे पुसला जातो. शिवाय अहमदाबादच्या वाटेवर एखादे रेडिओ केंद्र तीच जागा अडवून बसले, की विलंबितात साबणाची जाहिरात! दुसरी पळवाट म्हणजे तार लावलेली खोटी कॅसेट. ती बरी. तिच्यातला चुंबक आपले गाणे टेपच्या मस्तकाला ऐकवतो. दाते करकरतात, एवढाच तिचा दोष. ब्लूटूथबद्दल म्हणाल तर आवाजाच्या बारीकसारीक भांडणात मी पडत नाही. तारेचा मला वाटणारा गुण निराळा आहे. ती मागच्या बाकावर देता येते. आता कोणाचे गाणे, हे तार कोणाच्या हातात आहे त्यावरून सर्वांना दिसते, आणि तार मागून घेण्याचे सौजन्यही त्यामागोमाग येते. नव्या काही मोबाईलांना छिद्रच उरलेले नाही. आयफोनने ते २०१६ मध्ये बंद केले. त्यांना एक बोटभर जोड लागतो, तो मिळतो.

एक खोड मात्र सांगितली पाहिजे. मोबाईल मोटारीवरच भारित करीत असताना त्याच वेळी तारेने ऐकू गेले, की पुष्कळदा एक शिटी उमटते, आणि मोटारीने वेग घेतला की ती मींड घेत वर चढते! जमिनीच्या जोडणीचे दोन मार्ग झाल्यामुळे मोटारीच्या विद्युत्जनित्राचा स्वर गाण्यात झिरपतो. ऐकताना भारित करणे थांबवावे, किंवा मध्ये विलगक म्हणून मिळणारी डबी घालावी. स्वस्त डबी डग्ग्याचा घुमारा खाते, म्हणून तीही कानाने पारखून घ्यावी. तसेच मोबाईलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून टेपचा कमी ठेवावा, उलट करू नये.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप मोटारीतल्या गाण्यासाठी कशाला? गाणे ऐकावे ते दिवाणखान्यात. मी विचारतो, दिवाणखान्यात आता तासभर कोण बसतो? मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली, त्या गावात मी शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांनी संपूर्ण बडा ख्याल सलग ऐकलेला असतोच असे नाही. फैयाझखाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. तेवढ्यात राग उभा करणे ही त्यांची करामत होती, पण त्यांच्या विस्ताराची कल्पना यायची तर रेडिओवरची दीर्घ गायने ऐकावी लागतात. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजूही पंचेचाळीसाव्या मिनिटाला, नेमकी द्रुतात, संपायची. तारेने ती अडचण गेली. मोटारीत सगळे घर एकत्र बसलेले असते, कोणाला उठून जाता येत नाही, आणि मुंबईचा रस्ता लांब आहे. श्रोत्यांना अशा रीतीने कोंडून ठेवण्याची सोय मैफलीतही नव्हती!

तेव्हा दुकानात जाताना स्वतःच्या खिशात छिद्र आणि विलगकाची डबी घेऊन जावे. दुकानदार पडदा पुढे करीलच. त्याला चहा पाजावा, पडद्याची तारीफ करावी, आणि काम टेपाचेच करून घ्यावे.