मांजराची पाटी आणि कुत्र्याचें तोंड

परळी तालुक्यांतील सिरसाळ्याहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. घरांत मांजरासाठीं पडवींत राखेची पाटी ठेवलेली असते. घरचा कुत्रा संधि सांपडतांच ती उकरतो आणि आंतील विष्ठा खातो. पुढें तोच मुलांचीं तोंडें चाटतो. धाकटी जाऊ तीन महिन्यांची गर्भवती आहे. मांजर पोत्यांत घालून गांवाबाहेर सोडून यावें असा सासूबाईंचा हुकूम. मामंजी म्हणतात, मांजर दवडणें पाप. खरें कोणाचें?

आधीं कुत्र्याविषयीं. मांजराच्या विष्ठेंत न पचलेल्या अन्नाचा वास राहतो व कुत्र्यास तो आवडतो. ही खोड उपासमारीनेंच लागते असें नाहीं, आणि मारून ती जातही नाहीं. अशा खाण्यानें त्यास ओकारी, हगवण किंवा जंत होऊं शकतात. पुण्यामुंबईच्या बिऱ्हाडांतून राखेऐवजीं विकतची, ओलाव्यानें गोळा होणारी माती वापरतात. ती फार पोटांत गेल्यास आंतडें तुंबण्याचें भय असतें. ओकारी, अन्नावरची वासना उडणें व शौच बंद होणें हीं लक्षणें दिसलीं तर काढे पाजीत न बसतां जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावें.

परंतु अधिक काळजी माणसांची आहे. टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म जीव १९०८ सालीं ट्युनिस व ब्राझील येथें प्रथम ओळखला गेला. उंदीर खाऊन मांजरास त्याची लागण झाली कीं एक ते तीन आठवडे विष्ठेंतून त्याचे लक्षावधि बीजकोश पडतात. पुढें बहुधा नाहीं. कुत्र्याच्या पोटांत ते वाढत नाहींत, पण जसेच्या तसे बाहेर पडतात. आणि तो विष्ठेंत लोळला तर केंसांस चिकटून ओसरीपर्यंत येतात. गर्भारपणीं प्रथमच लागण झाल्यास गर्भपाताचा, अथवा मुलाच्या मेंदूस व डोळ्यांस इजा होण्याचा संभव असतो.

“आम्ही मांस खात नाहीं, आम्हांस काय भय?” असें पुष्कळ घरीं ऐकूं येतें. मांसाचा मार्ग बंद असला तरी मातीचा उघडाच राहतो. परसांतल्या कोथिंबिरीच्या वाफ्यांत मांजर बसतें, आणि तीच कोथिंबीर कोशिंबिरींत कच्ची पडते!

सुदैवानें ताज्या विष्ठेंतील बीजकोश लगेच बाधत नाहींत. बाधक होण्यास त्यांस एक ते पांच दिवस लागतात. म्हणून पाटी रोज, न चुकतां, साफ व्हावी. तें काम गर्भवतीकडे नको. घरांतील पुरुषांनीं केल्यास कांहीं बिघडत नाहीं. विष्ठा उकिरड्यावर न टाकतां खोल पुरावी. फिनेलवर विसंबूं नये, रिकाम्या पाटीवर उकळतें पाणी ओतावें. पाटी अशा खोलींत ठेवावी कीं दारास सांखळी लावल्यावर मांजरापुरतीच फट राहील. दोन्ही जनावरांस वेळोवेळीं जंतांचें औषध द्यावें आणि मुलांस जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावयास लावावें.

मांजर सोडून आल्यानें झालेली लागण निघत नाहीं, आणि ओसाड पडलेल्या उंबऱ्यावर शेजारचें मांजर येतेंच. तेव्हां मामंजींचा निर्णय बरोबर. कारण मात्र निराळें. पूर्वीं लागण होऊन गेली आहे कीं नाहीं हें रक्त तपासून कळतें, व ती गर्भारपणापूर्वींची असल्यास गर्भास सहसा भय नसतें. धाकट्या जावेची ही तपासणी डॉक्टरांस विचारून याच आठवड्यांत करवून घ्यावी, आणि तोंवर कोथिंबीर दुसऱ्या कोणीं निवडावी.