शेजाऱ्याचं घर कधी वाचणार?

परवा चार साहित्यप्रेमी मित्रांच्या बैठकीत 'बहुसांस्कृतिक कादंबरी' हा विषय निघाला. झालं, नावांचा पाऊस सुरू! कुणी नायजेरिया काढला, कुणी लंडनमधल्या बांगलादेशी कुटुंबाची गोष्ट सांगितली, कुणी तुर्कस्तानात जाऊन आला. मी सहज विचारलं, "आपल्या शेजारच्या ख्रिश्चन घरावरची कोकणी कादंबरी इथे कुणी वाचली आहे?" सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, "अरे, त्यांचं ते रोमी लिपीत असतं ना!"

म्हणजे लंडन जवळ आणि वाड्यावरचं चौथं घर लांब!

मित्रांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही. मीही त्यातलाच. माझे डोळे उघडले ते गोव्यात नव्हे, गुजरातेत, सुरत जिल्ह्यातल्या पलसाण्याला.

माझी मावसबहीण तिथे राहते. नवरा डाइंग मिलमध्ये. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा हा तालुका म्हणजे एकीकडे कापडाच्या गिरण्या आणि दुसरीकडे उसाची शेती. चलथाणचा साखर कारखाना याच तालुक्यात. गिरण्यांत ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशचे कामगार. ऊस तोडायला खानदेश आणि डांगातून कोयता घेऊन येणारी कुटुंबं. बहिणीच्या चाळीत एका ओळीत सहा बिऱ्हाडं आणि स्वयंपाकाचे सहा वास. तिथे आमची मंडळी 'बाहेरची'. गोव्यात आपण ज्यांना 'घांटी' आणि 'भायले' म्हणून मोकळे होतो ना, तेच तिथे आपण असतो. हा अनुभव प्रत्येक गोंयकाराने एकदा घ्यावा.

संध्याकाळी भाची तिच्या आजीला, म्हणजे माझ्या मावशीला, पुस्तक वाचून दाखवत होती. पुस्तक गुजराती. काकासाहेब कालेलकरांची 'स्मरणयात्रा'. शाळेच्या पुस्तकात कालेलकरांचा एक धडा होता, तो आवडला म्हणून तिने वाचनालयातून हे आणलं होतं.

माझ्यातला मराठीचा अभिमानी लगेच जागा झाला. "अगं, हा आपला माणूस! मराठीतून वाच की. मराठी वाचता येत नाही तुला?"

पोर खाली मान घालून म्हणाली, "मामा, येतं, पण हळूहळू. आजी कंटाळते."

आणि मावशी माझ्यावरच उखडली, "तूं वाच गो, म्हाका सगळें समजता!" जन्मभर मराठी पोथ्या वाचलेली, घरात कोकणी बोललेली, म्हातारपणी लेकीकडे गुजरातेत येऊन पडलेली ही बाई. नातीच्या दर दोन वाक्यांमागे तिचं स्वतःचं एक वाक्य होतं. "आमच्याय घरांत अशेंच आशिल्लें." मग तिच्या माहेरच्या पडवीची गोष्ट, भावंडांच्या भांडणाची गोष्ट. त्या मी कधी ऐकल्या नव्हत्या, कारण मी कधी विचारल्याच नव्हत्या.

मी काय करत होतो? आजी आणि नातीमधलं ते पुस्तक भाषेच्या नावाने बंद करायला निघालो होतो. आजही आठवलं की लाज वाटते.

कालेलकर मूळचे कुठले? आपल्या सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातल्या कालेलीचे. जन्म १८८५ चा, साताऱ्याचा. मातृभाषा मराठी. गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटलं आणि १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो गुजरातीसाठी. त्यांनी आपलं बालपण, आईवडील, वडिलांच्या बदल्यांबरोबर झालेली भटकंती हे सगळं गुजरातीत लिहिलं आणि गुजराती घरांनी ते आपलं म्हणून वाचलं. खांडेकरांचंही तसंच. गोपाळराव विद्वांसांच्या अनुवादांमुळे खांडेकर गुजरातीत घरोघरी गेले. त्यांना आपली माजघरं ठाऊक आहेत. आपल्याला त्यांची किती ठाऊक आहेत? पन्नालाल पटेलांना १९८५ चं ज्ञानपीठ मिळालं, यापलीकडे आपल्यापैकी किती जणांना काही सांगता येईल? आणि दमण तर १९८७ पर्यंत आपल्याच कारभारात होतं!

बरं, गुजरात राहू द्या. गोव्यातच बघू. एदुआर्द ब्रुनो द सोझा यांची 'क्रिस्तांव घराबो' १९११ सालची, म्हणजे शंभर वर्षांहून जुनी. नावातच ख्रिस्ती घर आहे. याच माणसाने १८८९ मध्ये पुण्याहून 'उदेंतेचें साळक' हे कोकणी नियतकालिक काढलं. पुण्याहून! रेजिनाल्ड फर्नांडिस यांनी शंभरावर 'रोमांस' लिहिले आणि साध्यासुध्या घरांनी ते वाचले. आपल्या मराठी घरांत त्यातलं एकही आलं नाही. लिपी आडवी आली म्हणायचं? मग दामोदर मावजोंची 'कार्मेलीन' तर १९८१ पासून देवनागरीत आहे. मुलीसाठी कुवेतला आया म्हणून जाणाऱ्या बाईची ती गोष्ट. अकादमीचा पुरस्कार तिला १९८३ मध्ये मिळाला. तरी "ती कोकणी, आपण मराठी" म्हणून तिला हात न लावणारे माझ्या ओळखीत आहेत. उलट बाजूलाही मराठी म्हटलं की नाक मुरडणारे आहेतच. भाषावादात कोण जिंकलं ते बाजूला ठेवा. दोन्हीकडचा वाचक हरला.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं. "गोव्यात मराठीच टिकवणं कठीण झालंय, तिथे दुसऱ्यांचं कुठे वाचत बसता?" काळजी खरी आहे, मलाही आहे. पण भाषा कुंपणाने टिकत नाही, वाचकांनी टिकते. साने गुरुजींनी तुरुंगात तमिळ मंडळींच्या सहवासात 'कुरल' मराठीत आणलं. त्याने मराठी बाटली की वाढली? 'आंतरभारती'चं स्वप्न पाहणाऱ्या त्या माणसाची 'श्यामची आई' आपण डोळे पुसत वाचतो आणि त्यांचं स्वप्न मात्र भाषणापुरतं ठेवतो.

जगातलं जरूर वाचा. मीही वाचतो. पण परक्याचं घर वाचायला फक्त कुतूहल लागतं. शेजाऱ्याचं घर वाचायला आपले पूर्वग्रह दाराबाहेर काढून ठेवावे लागतात. खरी अडचण लिपीची नाही, ती ही आहे.

म्हणून मागणी साधी आहे. मराठी संस्थांनी रोमी कादंबऱ्या देवनागरीत आणाव्यात, निदान निवडक दहा. गावच्या वाचनालयांनी कोकणी, गुजराती, कन्नड अनुवादांचं एक कपाट करावं. आणि आपण प्रत्येकाने वर्षाला एक तरी शेजारचं पुस्तक घरात मोठ्याने वाचावं. मोठ्याने अशासाठी, की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मध्येच बोलता यावं.

मावशी आता नाही. तिच्या गोष्टी भाचीला पाठ आहेत. मी विचारलं की ती फोनवर सांगते, अर्ध्या मराठीत, अर्ध्या गुजरातीत. मी आता तिला मध्येच थांबवत नाही.