लक्ष्मणफळाचा चहा : तोहफा की दवा?

श्रीलंकेहून परतणाऱ्याच्या बॅगेत चहाचा एखादा डबा हमखास असतो. आंबा, अननस, पॅशन फ्रूट अशा फळांच्या स्वादाचे चहा तिथे दुकानोदुकानी मिळतात. माझ्या नणंदेने यंदा कोलंबोहून लक्ष्मणफळाच्या स्वादाचा हिरवा चहा आणला. डब्यावर ‘सॉवरसॉप’ असे नाव होते. सिंहली लोक या फळाला ‘कटु अनोदा’ म्हणतात. सीताफळ-रामफळाच्या कुळातलेच हे फळ. वरून हिरवे आणि मऊ काट्यांचे, आत पांढरा आंबटगोड गर.

श्रीलंकेत पूर्वी कॉफीचे मळे होते. जेम्स टेलर याने १८६७ साली कँडीजवळच्या लूलेकॉन्डेरा मळ्यात १९ एकरांवर चहा लावला. पुढे पानांवरच्या तांबेरा रोगाने कॉफी बुडाली आणि डोंगरच्या डोंगर चहाने भरले. पाने खुडायला दक्षिण भारतातून तमिळ मजूर नेले गेले. आजही मळ्यांत त्यांच्याच लेकी-सुना राबतात. डब्यावर तलवार घेतलेल्या सिंहाचे चिन्ह असेल, तर तो शुद्ध सिलोन चहा आहे आणि श्रीलंकेतच डबाबंद झाला आहे, असे समजावे.

हिरव्या चहाला उकळते पाणी चालत नाही, तो कडू होतो. म्हणून पाणी उकळल्यावर चार-पाच मिनिटे थांबून मग ओतले आणि दोन मिनिटांत पुडी काढून घेतली. वास अननसासारखा, गोडसर. चव मात्र साध्या हिरव्या चहाची, थोडी तुरट. मुलांनी नाक मुरडले, मला आवडला. दूध घातले असते तर वास दबला असता.

सासूबाईंना आम्ही अम्मीच म्हणतो. त्या म्हणाल्या, “अगं, हे फळ कॅन्सरवर चालतं म्हणे. मोबाईलवर आलं होतं. उरलेला डबा मामूंना पाठवून दे.” मामूंवर सध्या उपचार सुरू आहेत.

मी डब्याची मागची बाजू वाचून दाखवली. त्यात होती हिरव्या चहाची पत्ती आणि स्वादद्रव्य. चित्रात फळ होते, घटकांत नव्हते. “अम्मी, हा चहा आहे, दवा नाही. मामूंना प्यायला द्यायचाच असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारू या.” अम्मींनी मान डोलावली.

तो निरोप अनेक घरांत फिरतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. या झाडाच्या अर्काचा प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींवर परिणाम दिसला, हे खरे. पण काचेच्या बशीतली पेशी वेगळी आणि आजारी माणूस वेगळा. त्याने माणसाचा कॅन्सर बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही.

काही ठिकाणी या झाडाच्या पानांचाच काढा ‘चहा’ म्हणून विकतात. तिथे जास्त जपावे. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर कंपवातासारखा आजार झालेल्या रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यातले बरेच जण हे फळ आणि पानांचा काढा नेहमी घेणारे निघाले. फळात व पानांत अ‍ॅनोनासिन नावाचे द्रव्य असते. ते मेंदूच्या पेशींना घातक असल्याचा संशय आहे. कधीमधी फळ खाल्ल्याने घाबरायचे कारण नाही. पण रोजचा काढा, तोही औषधाच्या जागी, नको.

घरात असा डबा आला तर आधी मागची बाजू वाचा. चहाची पत्ती आणि स्वाद असेल, तर मेहमान आले की खुशाल उघडा. शोकेसमध्ये ठेवून त्याचा वास उडतो. नुसती झाडाची पाने असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणा आजाऱ्याला देऊ नका. आणि चालू उपचार कुठल्याही चहासाठी थांबवू नका.